आक्कासाठी पाण्याची गाडी

चैत्र सरत आला की साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवरची टाकी दुपारभर अशी तापते, की नळ सोडावा आणि खाली चहाची पूड धरावी. माझी बायको शालन दरसाल त्या नळाला शिव्या घालते. मी मात्र त्या कढत धारेखाली हात धरून उभा राहतो. त्या पाण्याला एक वास असतो, थोडा गंजाचा, थोडा शेवाळाचा. तो नाकात शिरला की मी साताऱ्यात राहत नाही. कवठे महांकाळच्या पलीकडं, आक्काच्या शिवारात, रुळांच्या कडेला जाऊन उभा राहतो.

"आवं, नळ बंद करा. पाणी वाया चाललंय," शालन म्हणते. बरोबर बोलते, म्हणून जास्त राग येतो.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव माणदेशातलं. आई लवकर गेली आणि मला आक्कानं वाढवलं. बहात्तरच्या दुष्काळात ती परकरी पोर होती, पण बायकांच्या रांगेत बसून खडी फोडायची. कामावर मिळालेली सुकडी फडक्यात बांधून घरी आणायची आणि मला भरवायची. स्वतः खाल्ली की नाही हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी घशातून उतरताना खरवडत जायची. हा मिलो कुठून येतो, असं मी विचारलं की आक्का सांगायची, "रेल्वेनं येतो. लय लांबनं." मी रेल्वे पाहिली नव्हती. पण जी आपल्याला भाकरी आणून देते ती कशी दिसत असेल, याचा विचार करत मी तो घास गिळायचो. मुलं देवाचा विचार करतात तसा मी मालगाडीचा करत होतो म्हणा ना.

पुढं आक्काचं लग्न झालं. वडिलांनी एका दुष्काळातून उचलून तिला दुसऱ्या दुष्काळात दिली. कवठे महांकाळकडं तेव्हा पाणी म्हणजे आभाळाची मर्जी. मी फौजेत भरती झालो, वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करत देशभर फिरलो. पेन्शनीत आल्यावर साताऱ्याच्या एमआयडीसीत काही वर्षं काढली आणि मग खऱ्या अर्थानं रिकामा झालो. रिकामा माणूस घरात बसला की बायकोच्या डाळीत मीठ कमी आहे, हे त्याला रोज कळायला लागतं. शालननंच एक दिवस हात जोडले. "कायतरी करा, पर माझ्या सैपाकघरातनं भाईर व्हा." म्हणून मी गच्चीवरच्या खोलीत छोट्या गाड्या करायला बसलो.

सुरुवात त्या मिलोच्या वाघिणीपासून केली. मिरजेहून पंढरपूरकडं पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी जायची, तिचा मालडबा. पुठ्ठा, सनमायकाचे तुकडे, सायकलच्या तारा. वीतभर डबा, पण त्याची दारं सरकतात आणि आत बोटाएवढी पोती रचलेली आहेत. मग फौजेत पाहिलेल्या दवाखान्याच्या गाडीचा डबा केला, खिडक्यांना पांढरे पडदे, आत एकावर एक खाटा. करोनाच्या साली ऑक्सिजनचे टँकर पाठीवर घेऊन धावणारी गाडी टीव्हीवर पाहिली, तीही केली. राजधानी आणि शताब्दी करणारे पुष्कळ आहेत. माझ्या फळीवर फक्त संकटात धावून आलेल्या गाड्या. मुलीनं पुण्याहून विजेवर चालणारं इंजिन आणि रूळ पाठवले. शालन अजूनही या सगळ्याला पेन्शनीतला पोरखेळ म्हणते आणि पाहुणे आले की पहिल्यांदा त्यांना गच्चीवर घेऊन येते.

पण पाण्याची गाडी मात्र मी करत नव्हतो. ती नीट झाली नाही तर काय, याची भीती होती. कारण ती आक्काबरोबर पाहिली होती.

तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. लातूरला प्यायला थेंब उरला नव्हता, म्हणून मिरजेत कृष्णेचं पाणी टाक्यांच्या वाघिणींत भरून रेल्वेनं तिकडं पाठवायला लागले. आणि ती गाडी जाणार कवठे महांकाळवरून! म्हणजे जिथं बाया टँकरची वाट बघत उन्हात बसलेल्या, त्यांच्याच नाकासमोरून. मी जत्रेच्या निमित्तानं आक्काकडं गेलो होतो. टँकर थांबायचा ती जागा रुळांपासून हाकेच्या अंतरावर. सकाळपासून घागरी रांगेत लावलेल्या, माणसं लिंबाच्या सावलीत. विहिरींनी तळ दाखवलेला, द्राक्षबागा वाळून काड्या झालेल्या. हवेत धूळ आणि करपलेल्या पानांचा वास. कुणीतरी म्हणालं, आली.

आधी रूळ वाजले. मग गाडी आली, धीम्या चालीनं, अंगात वजन असल्यासारखी. गोल पोटाच्या टाक्या, एकामागं एक. झाकणांच्या कडांनी पाणी पाझरून टाक्यांच्या अंगावरून ओघळलं होतं, आणि त्या ओल्या पट्ट्यांवर ऊन चमकत होतं. तेवढ्या ओलीकडं सगळा गाव बघत होता. एक जण चिडून म्हणाला, "आमचा घसा कोरडा, आन् पाणी निघालं लातूरला! आडवं व्हा रं गड्यांनो, टाका धोंडं रुळावर!" दोघं-तिघं उठलेसुद्धा. रागानं मीही उठलो होतो, खोटं कशाला सांगू.

आक्का लिंबाखालून ओरडली, "खाली बसा! बारी त्यांची हाय!"

बस्स. आमच्याकडं विहिरीच्या पाण्याच्या बाऱ्या असतात. भावाभावांत वाटणी झालेली, आज याची बारी, उद्या त्याची. पिकं डोळ्यादेखत माना टाकत असली तरी दुसऱ्याच्या बारीला पाट फोडायचा नाही. फोडला तर त्या घरात कुणी मुलगी देत नाही. लातूर कुठं, आम्ही कुठं, पण त्या एका शब्दानं लातूरकर आमच्या विहिरीचे भागीदार झाले. उठलेली माणसं बसली. आणि मग आक्कानं आणखी एक गोष्ट केली. तिच्या कडेवर रिकामी घागर होती. ती तिनं घाईघाईनं पाठीमागं लपवली, वर पदर ओढला. चांगल्या कामाला निघालेल्यासमोर रिकामी घागर येऊ नये. गाडीलाही अपशकुन होतो, असं तिचं म्हणणं. तिचं बघून बाकीच्या बायकाही उठल्या आणि त्यांनी रांगेतल्या घागरी मागं घेतल्या. शेवटची टाकी दिसेनाशी होईपर्यंत ती रांग तशीच उभी होती, हात पाठीमागं बांधून. फौजेत पुष्कळ सलाम्या पाहिल्या, पण अशी नाही.

आता तिकडं कृष्णेचं पाणी उचलून नेलंय. पाट वाहतात, द्राक्षं परत आली. त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली तर नव्या सुनांना ती खोटी वाटते. आणि एका फाल्गुनात भाच्याचा फोन आला. "मामा, आईला काचबिंदू हाय. लय उशिरा कळालं."

मिरजेच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. डॉक्टर सज्जन माणूस, समजावून सांगितलं. कडेची नजर गेली आहे, मधली तेवढी शिल्लक आहे. थेंब चालू ठेवा, पण ती किती टिकेल याची खात्री देता येत नाही. पावसाळ्याच्या पुढं धरून चालू नका. बाहेर आल्यावर मी आक्काला विचारलं, तुला दिसतं तरी कसं? तिनं मूठ वळली, भोक ठेवून डोळ्याला लावली. "आसं. फुकणीतनं बघितल्यागत. तुझं नाक दिसतंय. कान न्हाईत." आणि हसली. मला हसू येईना.

"काय बघायचं राहिलंय का तुझं?" मी विचारलं. काशी म्हणेल, तुळजापूर म्हणेल, असं वाटलं होतं. तसं असतं तर गाडी करून नेली असती.

ती म्हणाली, "ती पाण्याची गाडी रं. परत एकदा बघितली असती. पर ती आता कुठली यायला? आन् येऊ बी नये."

त्या क्षणी ठरवलं. डोळे जायच्या आत ती गाडी आक्काच्या दारात नेऊन उभी करायची. माझं म्हणणं एवढंच होतं. देवाशी भांडण नाही, डॉक्टरशी नाही. पावसाळा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला.

आणि केली की! प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे कापले, तोंडाला पुठ्ठ्याच्या चकत्या, वर बाटलीच्या बुचाची झाकणं, कडेला तारेच्या शिड्या. मातकट तपकिरी रंग दिला, त्यावर ओघळांच्या ओल्या पट्ट्यासुद्धा चकचकीत रंगानं काढल्या. शालन बघून म्हणाली, "झ्याक झालीया." ती सहसा असं म्हणत नाही. खोक्यात भरून एसटीनं निघालो. कराड, सांगली, मिरज, सगळा रस्ता खोकं मांडीवर. मी स्वतःवर खूश होतो.

आक्काच्या सोप्यात बाजेवर डबे मांडले. तिनं हात पुढं केला, एक डबा उचलला, कानाजवळ नेऊन नारळ हलवतात तसा हलवला. तिचा चेहरा बदलला.

"रिकामी हाय?"

"आगं आक्का, मॉडेल हाय त्ये. शोभेचं."

तिनं डबा खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. "पाण्याची गाडी रिकामी आणून माझ्या उंबऱ्यात लावलीस व्हय रं? कुठला दुष्काळ आणलास बरुबर? उचल आधी ती. भरून आण, मग बघंन."

"आक्का, तुझं डोळं..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"डोळं माझं हायत. मी बघती त्यांचं काय करायचं त्ये. तू गाडी भरून आण."

काय राग आला म्हणून सांगू! महिनाभर राबलो, कंबर मोडून घेतली, आणि या बाईनं एका डब्याकडं धड बघितलंसुद्धा नाही. येताना उंब्रजला गाडी थांबली, चहा घेतला, तोही अर्धा टाकला. घरी आल्यावर शालनपुढं सगळं ओकलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् त्या दिवशी रुळापाशी तुमी व्हता न्हवं? त्यांनी घागर कशी लपिवली त्ये मला तुमीच सांगता की दर उन्हाळ्यात." मी कपाळावर हात मारला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, शंभर वेळा लोकांना सांगितलेलं, आणि तरी गाढवासारखा रिकामी गाडी घेऊन तिच्या दारात गेलो. रंगानं ओल काढली आणि पाणी विसरलो. तिचा राग खरा होता. माझाच फुकटचा होता.

मग सुरू झालं खरं काम. पाइपाच्या टाकीत पाणी घातलं तर पुठ्ठा फुगून ती पोटुशी असल्यासारखी दिसायला लागली. सगळ्या मोडल्या. पत्रा हवा होता. सांगलीत बाजारात एक जैन अण्णा आहेत, पत्र्याच्या डब्यांचं त्यांचं दुकान, माझी जुनी ओळख. त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी पातळ पत्रा काढून दिला आणि म्हणाले, "पाणी गाळून घाला बरं का. जीवजंतू असतात." मी म्हटलं, अण्णा, खेळण्यातली गाडी आहे. "पाणी खरं आहे ना? मग गाळूनच," ते म्हणाले. या माणसांपुढं काय बोलायचं? गाळायचं फडकंही त्यांनीच दिलं.

पत्रा कापायचा, गोल वळवायचा, सांध्याला सोल्डरिंग करायचं. तरुणपणी हे काम डाव्या हातचा मळ होतं. आता हात थरथरतो, चष्म्यावर घाम उतरतो. टाकी तयार झाली की बशीत ठेवायची, पाणी भरायचं आणि खाली आलेला थेंब शोधायचा. थेंब यायचाच. एक सांधा बुजवला की दुसरा रडायला लागायचा. गच्चीवरच्या खोलीत वैशाखाचं ऊन पत्र्यातून खाली उतरायचं आणि त्यात मी हातात तापलेली सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलेलो. बोटं पोळली. शालन वर यायची, कैरीचं पन्हं ठेवायची, फोडांना तूप लावायची आणि "उद्या करा" असं एकदाही म्हणायची नाही. तिला पावसाळा कळत होता.

टाक्या गळायच्या थांबल्या, तर इंजिन रुसलं. भरलेले डबे जोडले की चाकं जागच्या जागी गरागरा फिरायची आणि गाडी तसूभर हलायची नाही. मी म्हटलं, निम्म्याच भरू. निम्म्या भरल्या, तर वळणावर पाणी डुचमळून अख्खी गाडी आडवी. अर्धी घागर डोक्यावरच्या बाईला जशी झोकांड्या खायला लावते तशीच. शेवटी मुलीकडून दुसरं इंजिन मागवलं, दोन्हीच्या पोटात वजनासाठी शिशाच्या पट्ट्या भरल्या. ज्येष्ठाच्या तोंडावर एका सकाळी दोन इंजिनांनी मिळून, कण्हत-कुंथत, काठोकाठ भरलेली गाडी पुढं काढली. मी ओरडलो. शेजारच्यांना वाटलं काही अपघात झाला.

भाचा फोनवर सांगायचा, आई आता भांड्याला हात लावून बघते, उंबऱ्याला ठेचकाळते. मी त्याला म्हणायचो, थेंब घाल, आणि सांग तिला, येतोय. आभाळात ढग दिसायला लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी पावसाला म्हणालो, थांब रे बाबा जरा. माणदेशातल्या माणसानं असं म्हणावं! पण म्हणालो.

एवढी ओढ का लागावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उपकार फेडायचे होते असं नाही. बहिणीचे उपकार फेडायला कोण बसलंय. मला वाटतं, त्या दिवशी रुळांच्या कडेला ज्या बाया उभ्या होत्या, त्यांची कुठं नोंद नाही. गाडी पाठवणाऱ्यांचे फोटो आले, पाणी पोचल्यावर लोक नाचले त्याचे आले. मधे जी तहानेली माणसं गप्प बसली, त्यांचं काय? मदतीची गाडी नुसती इंजिनावर चालत नाही. वाटेतल्या लोकांनी ती जाऊ द्यावी लागते. फळीवरच्या माझ्या गाड्यांत हे दाखवता येत नव्हतं, आणि आक्काला ते आपोआप ठाऊक होतं.

शेवटी गेलो. या वेळी शालनही बरोबर. आक्का जोत्यावर बसली होती, आमच्या पावलांच्या दिशेनं तोंड करून. आम्ही सोप्यात फरशीवर गोल रूळ मांडले. शालननं अण्णांच्या फडक्यातून हंड्यातलं पाणी गाळलं आणि पेल्यानं एकेक टाकी भरली. आक्का त्या आवाजाकडं कान देऊन होती. मी एक डबा तिच्या हातात दिला. तिनं तो हलवून पाहिला. आवाज आला नाही, इतका काठोकाठ भरला होता. थोडं पाणी तिच्या मनगटावर सांडलं.

"आता कसं," ती म्हणाली. "सोड."

मी गाडी सोडली. आक्कानं मान वाकडी करून नजर रुळाच्या एका जागेवर धरली, तिला दिसायचं त्या तेवढ्याशा भोकात. एक टाकी त्यात यायची, जायची. मग दुसरी. "आली... गेली. ही आली..." ती पुटपुटत होती. चेहरा असा उजळला, की मला बघवेना. गाडी गोल फिरून परत यायची आणि तिच्या भोकात टाक्या संपतच नव्हत्या.

"लय लांब हाय रं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "गोल फिरवतोयस न्हवं? कळतंय मला. फिरू दे."

मी कृतार्थ झालो होतो, स्पष्टच सांगतो. पावसाच्या आधी पोचलो होतो. आणि तेवढ्यात आक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"आक्का! आगं, डोळं का मिटलंस? दिसतंय तवर बघून घे की!"

"दिसतंय तवरच शिकाय पायजे बापू," ती म्हणाली. "एकदा दिवा गेल्यावर मी कुणाला इचारत बसू, ह्यो आवाज कशाचा, त्यो कशाचा? आत्ता आवाज बी हाय आन् गाडी बी म्होरं हाय. तवर दोन्हीची गाठ घालून ठिवती." ती ऐकत राहिली. "इंजान आलं," ती म्हणाली आणि डोळे उघडून तपासलं. इंजिनच होतं. परत मिटले. "पैली टाकी." परत उघडले. बरोबर. शेगडीवरचं दूध, अंगणातलं पाऊल, भाच्याची मोटरसायकल, सगळं ती महिनाभर असंच शिकत होती, हे मला तिच्या सुनेनं नंतर सांगितलं. शालननं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, आम्ही दोघं रडतोय हेही तिला ऐकू येतंय.

तिनं पुन्हा डोळे मिटले. या वेळी बराच वेळ उघडले नाहीत. गाडी फिरत होती.

"मधल्या एका डब्याचं चाक कुरकुरतंय," ती म्हणाली. "त्येल घाल, आन् सोड परत. मी हितंच हाय."